छत्तीस फ्रेम, एक कागद

जून १९६२. लॉस एंजेलिसच्या बेल-एअर हॉटेलात छायाचित्रकार बर्ट स्टर्न ‘व्होग’ मासिकासाठी मेरिलिन मन्रोचे फोटो काढत होते. सगळ्या बैठका मिळून अडीच हजारांच्या आसपास फ्रेम झाल्या. त्यांतल्या काहींच्या कॉन्टॅक्ट शीट आणि रंगीत ट्रान्स्परन्सी त्यांनी मन्रोला बघायला पाठवल्या. त्या परत आल्या तेव्हा कागदावरच्या कितीतरी फ्रेमवर मार्करच्या जाड फुल्या होत्या. ट्रान्स्परन्सीवर तर तिने केसांच्या पिनेने ओरखडे काढले होते, म्हणजे ती चित्रं पुन्हा कुणाला वापरताच येऊ नयेत. त्याच वर्षी ५ ऑगस्टला ती गेली. पुढे स्टर्न यांनी फुली मारलेली चित्रंही फुल्यांसकट प्रसिद्ध केली आणि आज ती जगभर ओळखली जातात.

तिने नको म्हटलेलं छापणं मला पटत नाही. पण या प्रसंगातून कॉन्टॅक्ट शीट ही काय वस्तू आहे ते नेमकं दिसतं. पैसे मासिकाचे होते, चेहरा मन्रोचा होता, नजर स्टर्न यांची होती. तिघांचं म्हणणं एकाच कागदावर येऊन भिडलं. छायाचित्रणाच्या पुस्तकांत कॉन्टॅक्ट शीटची ओळख ‘रोलमधल्या सगळ्या फोटोंची छोटी प्रत’ अशी एका ओळीत उरकलेली असते. खरं तर हा निवडीचा कागद आहे. काढणारा आणि काढून घेणारा यांच्यात कोणता फोटो राहील आणि कोणता जाईल हे यावर ठरतं. आणि ते कसं ठरेल, हे कागद कसा छापला आहे यावर फार अवलंबून असतं. या प्रकरणात ते छापणं बघायचं आहे.

निगेटिव्ह थेट कागदाला टेकवून फोटो छापायची पद्धत एनलार्जरपेक्षा, म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या यंत्रापेक्षा, पुष्कळ जुनी. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८३० च्या दशकात कागदी निगेटिव्ह बनवली. तिच्यावरून पॉझिटिव्ह काढायचं म्हणजे संवेदनशील कागदावर निगेटिव्ह ठेवायची, वरून काच दाबायची आणि ती चौकट उन्हात ठेवायची. जेवढी निगेटिव्ह तेवढा फोटो. मोठा फोटो हवा असेल तर कॅमेराच मोठा घ्यावा लागे. या पद्धतीत इतका बारीक तपशील उतरतो की एनलार्जर सर्रास झाल्यावरही एडवर्ड वेस्टन यांच्यासारखे छायाचित्रकार आठ बाय दहा इंची निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंटच काढत राहिले. १९३० साली त्यांनी काढलेली प्रसिद्ध ढोबळी मिरची अशीच छापलेली आहे.

एका कागदावर अनेक फोटो ही कल्पना मात्र धंद्यातून आली. १८५४ मध्ये पॅरिसच्या आंद्रे दिस्देरी यांनी अनेक भिंगांच्या कॅमेऱ्याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर आठ चित्रं घ्यायची, आठही एका कागदावर एकदम छापायची, मग कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची. या छोट्या भेटकार्डांनी युरोपभर धुमाकूळ घातला, कारण फोटो एकदम स्वस्त झाला. दिस्देरींच्या स्टुडिओतले काही न कापलेले कागद आज संग्रहालयांत आहेत. त्यांवर एकाच बाईच्या आठ मुद्रा ओळीने दिसतात. कापण्याआधीच्या या कागदाला कॉन्टॅक्ट शीटचा पूर्वज म्हणायला माझी हरकत नाही.

गिऱ्हाइकाला दाखवायच्या कच्च्या प्रतीची गोष्ट याहून रंजक आहे. जुन्या स्टुडिओंत पोर्ट्रेट काढलं की चार-सहा निगेटिव्हच्या प्रती उन्हात छापणाऱ्या कागदावर काढून घरी पाठवत. या कागदावरचं चित्र डेव्हलपरशिवाय नुसत्या उजेडाने उमटतं, तांबूस-तपकिरी रंगात. स्टुडिओवाले ते मुद्दाम हायपोत घालत नसत, म्हणजे पक्कं करत नसत. घरच्यांनी उजेडात चार दिवस बघितलं की चित्र हळूहळू काळवंडत जाई. पसंत पडलं तर पक्की प्रत मागवायची, पण कच्ची प्रत फुकटात भिंतीवर लावता यायची नाही. कोडॅकने ‘स्टुडिओ प्रूफ’ नावाचा असा कागद पार १९८० च्या दशकापर्यंत विकला. आज फोटोवर आडवं नाव टाकून पाठवतात त्यामागे हाच हिशेब आहे. फरक इतकाच की त्या काळी पहारा कागदाच्या रसायनातच होता.

मग १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा बाजारात आला आणि सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म फोटोच्या कामाला लागली. फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटर, साधारण टपाल तिकिटाएवढी. एवढ्याशा निगेटिव्हची कॉन्टॅक्ट प्रिंट हा कुणाचाच पक्का फोटो होऊ शकत नव्हता. एनलार्जर अपरिहार्य झाला, आणि एका रोलमधल्या छत्तीस फ्रेमपैकी एनलार्जरखाली कोणती घालायची हा प्रश्न आला. तिथून कॉन्टॅक्ट प्रिंटचं काम बदललं. आधी ती फोटो होती, आता ती यादी झाली.

यादी कशी तयार होते ते आता डार्करूममध्ये जाऊन बघू.

धुऊन वाळलेला रोल सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्यांत कापतात. फिल्मच्या काठाला भोकं असतात, एका फ्रेमला आठ, आणि एक फ्रेम मधल्या फटीसकट ३८ मिलिमीटर जागा घेते. म्हणजे सहा फ्रेमची पट्टी २२८ मिलिमीटर. आठ बाय दहा इंची कागद २०३ बाय २५४ मिलिमीटरचा, तेव्हा लांबीला अडचण नाही. रुंदीत मात्र गोची आहे. सहा पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या की २१० मिलिमीटर होतात, कागदापेक्षा सात मिलिमीटर जास्त. कुणी कडेच्या दोन पट्ट्यांची बाहेरची भोकं कागदाबाहेर जाऊ देतात, चित्राला धक्का लागत नाही. कुणी मोठा कागद घेतात. कुणी पाच-पाचच्या सात पट्ट्या कापतात, त्या अगदी बरोबर बसतात, पण पस्तीसच फ्रेम येतात आणि छत्तिसावी एकटी उरते. मला सहा-सहाची रीतच आवडते. छत्तिसावी फ्रेम रोल संपताना घाईत घेतलेली असते आणि पुष्कळदा तीच बघावीशी वाटते. १२० च्या रोलला ही कटकट नाही. चौरस फ्रेमच्या कॅमेऱ्यात बारा फ्रेम येतात, तीन-तीनच्या चार पट्ट्या ऐसपैस मावतात.

पट्टीची एक बाजू चकचकीत, दुसरी जराशी मंद. मंद बाजू इमल्शनची, म्हणजे चित्र ज्या थरात असतं त्याची. ती खाली, कागदाच्या इमल्शनला चिकटून हवी, मधे फट राहता कामा नये. बरोबर ठेवलंय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे काठावरची अक्षरं. फिल्मच्या काठावर कंपनीने कारखान्यातच नाव आणि आकडे उजेडाने उमटवलेले असतात, १, १ए, २, २ए असे. ते रोल धुतल्यावर दिसू लागतात. वरून बघताना ते सुलटे वाचता आले तर पट्टी बरोबर आहे. उलटी पडली तर चित्र आरशातल्यासारखं येतं आणि नवरदेवाच्या खिशातलं फूल डावीकडून उजवीकडे जातं.

लाल दिव्यात कागद एनलार्जरच्या पाटावर ठेवायचा, त्यावर पट्ट्या, त्यावर जाड, स्वच्छ, ओरखडे नसलेली काच. एनलार्जरमध्ये निगेटिव्ह नसते, तो इथे फक्त दिवा म्हणून वापरायचा. डोकं इतकं वर न्यायचं की उजेडाचं वर्तुळ कागदाच्या चारही कोपऱ्यांबाहेर जाईल. लेन्स एफ ८ वर. आता किती सेकंद?

कॉन्टॅक्ट शीटची सगळी किंमत या सेकंदांत आहे. आधी कागदाच्या एका तुकड्यावर फिल्मची एक पट्टी ठेवून दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी उजेड देतात आणि तुकडा डेव्हलप करतात. मग काठाच्या भोकांकडे बघायचं. भोकांतून उजेड थेट कागदावर पडतो, म्हणून तिथे कागदाचा सर्वांत गडद काळा रंग येतो. भोकांभोवतीची फिल्म कोरी असली तरी थोडा उजेड अडवतेच, म्हणून ती सुरुवातीच्या पायऱ्यांत राखाडी दिसते. ज्या पायरीला ती राखाडी कडा पहिल्यांदा भोकाच्या काळ्यात विरून जाते, ते आपले सेकंद. त्याहून एकही जास्त नको. फिल्म, कागद, डेव्हलपर, एनलार्जरची उंची यांतलं काही बदललं नाही तोवर हाच आकडा कायम ठेवायचा.

असं केलं की शीट खरं बोलते. पुरेसा उजेड न मिळालेली फ्रेम काळपट येते, जास्त मिळालेली फिकट. कॅमेऱ्यात काय झालं ते जसंच्या तसं कागदावर उतरतं, कारण डार्करूमने मधे काही सावरलेलं नसतं. सलग आठ फ्रेम काळपट दिसल्या तर मंडपात शिरताना मीटरिंग बदलायचं राहिलं हे कळतं. वैद्याला नाडी तसं हे छायाचित्रकाराला. शिकाऊ माणसाने प्रत्येक रोलची अशी शीट काढून तारखेसह ठेवली तर वर्षभरात तो जेवढं शिकेल तेवढं कुठल्याही वर्गात शिकणार नाही, असं मी ठामपणे म्हणतो.

पण ही शीट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची का? इथे मोठा पेच आहे. निगेटिव्ह पातळ पडल्याने काळपट आलेली फ्रेम प्रिंटमध्ये उत्तम निघू शकते, मुद्रा तीच सर्वांत चांगली असू शकते. छापणाऱ्याला हे ठाऊक असतं. गिऱ्हाईक मात्र काळा चौकोन बघतं आणि पुढे जातं, आणि निवड भावावर न होता उजेडावर होते. म्हणून जुने जाणते प्रिंटर दोन शीट काढत. एक आपल्यासाठी, सेकंदांना धरून. दुसरी गिऱ्हाइकासाठी, जरा मऊ ग्रेडच्या कागदावर, म्हणजे सावल्यांतलं आणि पांढऱ्या कपड्यांतलं दोन्ही दिसेल. पातळ फ्रेमवर फ्रेमच्या मापाचा काळा पुठ्ठ्याचा तुकडा काही सेकंद धरायचा, दाट फ्रेमला बाकीचं झाकून जादा उजेड द्यायचा. छत्तिसांपैकी आठ-दहा फ्रेमना असं सांभाळून घेतलं की पान एकसारखं दिसतं. हे कष्टाचं काम आहे आणि घाईच्या लॅबमध्ये ते होत नसे. पण याला फसवणूक म्हणता येणार नाही. उलट सगळ्या फ्रेम एका पातळीवर आणल्याशिवाय गिऱ्हाइकाला खरी निवडच करता येत नाही.

ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद, पत्र्याचे नाही तर प्लास्टिकचे ट्रे, डेव्हलपर, मग पाणी किंवा ॲसिटिक ॲसिड, मग हायपो, मग नळाखाली धुणं: बाकीची सगळी वाट साध्या प्रिंटचीच असे. रेझिन-कोटेड कागद आल्यावर धुणं-वाळवणं मिनिटांवर आलं आणि सकाळी काढलेल्या रोलची शीट दुपारी जाहिरातसंस्थेच्या टेबलावर पोचू लागली.

आता शीट वाचायची कशी ते बघू. नमुन्यादाखल दोन जगप्रसिद्ध शीट घेऊ.

डायेन आर्बस यांनी १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका लहान मुलाचा फोटो काढला. हातात खेळण्यातला हातबाँब, दुसरा हात पंज्यासारखा ताठ, चेहरा वाकडा झालेला, डोळे वटारलेले. बघणाऱ्याला वाटतं, या मुलात काहीतरी भयानक साठलेलं आहे. त्या रोलची कॉन्टॅक्ट शीट बघितली की बाकीच्या फ्रेममध्ये तोच मुलगा कमरेवर हात ठेवून हसतो, ऐटीत उभा राहतो, कोणत्याही बागेत दिसतो तसं पोर. आर्बस यांनी त्या सगळ्यांतून एक फ्रेम उचलली. ती खोटी नाही, ते तोंड त्याने केलंच होतं. पण त्या मुलाच्या आईवडिलांच्या हाती ही शीट दिली असती तर त्यांनी दुसरी फ्रेम निवडली असती, यात मला शंका नाही. शीट एकच असते, पण ती बघणारा जो प्रश्न घेऊन येतो त्याप्रमाणे उत्तर बदलतं.

दुसरी शीट अल्बेर्तो कोर्दा यांची. ५ मार्च १९६० रोजी हवानात ‘ला कूब्र’ जहाजावरच्या स्फोटात मेलेल्यांसाठी सभा होती. कोर्दा ‘रेव्होलुसिओन’ या वृत्तपत्रासाठी फोटो काढत होते. चे गेव्हारा काही क्षण व्यासपीठाच्या कडेला आले, कोर्दांनी दोन फ्रेम घेतल्या, एक आडवी, एक उभी. वृत्तपत्राने त्या दिवशीचे कास्त्रो वगैरेंचे फोटो घेतले आणि चेचे दोन्ही बाजूला ठेवले. आडव्या फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा होता, दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या. कोर्दांनी दोन्ही कडा कापल्या आणि प्रत आपल्या स्टुडिओच्या भिंतीवर लावली. सात वर्षांनी ती एका इटालियन प्रकाशकाच्या हाती गेली, त्याची पोस्टरं निघाली आणि पुढे ते चित्र जगभरच्या टी-शर्टवर पोचलं. संपादकाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकासाठी सभेची बातमी हवी होती. पण शीट टाकून का देऊ नये, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नाकारलेली फ्रेम पुढे कुणाला कशासाठी लागेल ते त्या दिवशी कळत नाही.

कडा कापण्याची खूण शीटवरच करतात. चकचकीत कागदावर साधी पेन्सिल उमटत नाही, म्हणून मेणाची पेन्सिल लागते. तिला आपल्याकडे ग्लास मार्किंग पेन्सिल म्हणतात. लाल किंवा पिवळी घ्यावी, काळ्या-पांढऱ्यावर उठून दिसते आणि कापसाने पुसताही येते. डोळ्याला आठपट मोठं दाखवणारं भिंग लावून एकेक फ्रेम बघायची. चौकोन म्हणजे घ्यायची, चौकोनाच्या आत रेघ म्हणजे इथवर कापायची, फुली म्हणजे नको. जाहिरातसंस्थांत आर्ट डायरेक्टर एका रंगाने, गिऱ्हाईक कंपनी दुसऱ्या रंगाने खुणा करी. कोणाचं म्हणणं काय हे वेगळं सांगावं लागत नसे. मॅग्नमसारख्या छायाचित्रकारांच्या संस्थेत तर छायाचित्रकार महिनोन्महिने परदेशात असे, रोल पॅरिसला किंवा न्यूयॉर्कला जात, शीट तिथेच निघत आणि त्यावरची पहिली खूण संपादकाची असे. आपण काय टिपलं ते छायाचित्रकाराच्या आधी दुसऱ्याने पाहिलेलं असायचं.

सगळं दाखवावं की निवडून दाखवावं, यावर धंद्यात दोन तट आहेत. रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५ ते १९५७ या काळात गुगेनहाइम शिष्यवृत्तीवर अमेरिकाभर फिरून ७६७ रोल काढले, म्हणजे सत्तावीस हजारांवर फ्रेम. त्यांतून त्यांनी हजारेक कामचलाऊ प्रिंट काढल्या, भिंतीवर लावल्या, हलवल्या, काढल्या. ‘दि अमेरिकन्स’ या पुस्तकात राहिले ८३ फोटो. ही गाळणी त्यांनी स्वतः चालवली आणि पुस्तकाला धार आली ती त्यामुळे. याउलट गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारले तेव्हा सुमारे अडीच हजार रोल न धुता पडले होते, साडेसहा हजार धुतलेले पण कॉन्टॅक्ट न काढलेले, आणि तीनेक हजारांच्या शीट निघाल्या होत्या पण त्यांतून निवड झालेली नव्हती. काढणारा माणूस निघून गेला आणि निवडायचं काम दुसऱ्यांच्या अंगावर आलं. त्यांनी निवडलेले फोटो विनोग्रँड यांनी निवडले असते का, या प्रश्नाला कुणीच उत्तर देऊ शकत नाही.

गिऱ्हाइकाच्या कामात माझं मत मधलं आहे. डोळे मिटलेले, हललेले, कुणी मधे आडवं आलेले फोटो आधीच काढून टाकावेत. ते दाखवण्यात प्रामाणिकपणा नाही, नुसता आळस आहे. पण एकाच क्षणाच्या चार बऱ्या फ्रेम असतील तर त्यांतल्या किमान दोन दाखवाव्यात, आणि क्रम कधीच मोडू नये. घडलं त्या क्रमाने फ्रेम आल्या की बघणाऱ्याला दिवस आठवतो. क्रम मोडला की समोर सुटे चेहरे तेवढे राहतात.

डिजिटल कॅमेऱ्यात निगेटिव्ह गेली, पट्ट्या गेल्या, पण निवडायचं काम वाढलं. एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. फोटोशॉपमध्ये कॉन्टॅक्ट शीट आपोआप बनवायची सोय आहे, लाइटरूमच्या प्रिंट विभागातही आहे. ओळी आणि रकाने किती ते सांगायचं, खाली फाइलचं नाव छापायचं की कागद तयार. इतकं सोपं असूनही बहुतेक जण हे करत नाहीत. पेन ड्राइव्हवर सगळे फोटो देतात आणि सांगतात, “अल्बमसाठी दोनशे निवडून नंबर पाठवा.”

त्या नंबरांतच घोटाळा आहे. कॅमेऱ्यांच्या फाइलींना नावं द्यायचा एक जागतिक संकेत आहे: चार अक्षरं आणि चार आकडे, ०००१ ते ९९९९. दहा हजारावा फोटो काढला की आकडा परत ०००१ वर येतो. एकाच कंपनीचे दोन कॅमेरे लग्नात असले की ‘डीएससी_०४१२’ नावाचे दोन फोटो निघतात, एकात अंतरपाट, दुसऱ्यात पंगत. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर ‘४१२ घ्या’ लिहितं आणि अल्बममध्ये श्रीखंड वाढणारे काका येतात. त्यासाठी लग्नाच्या सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवावीत. घरी आल्यावर सगळे फोटो वेळेनुसार एकत्र लावावेत, मगच नवे क्रमांक द्यावेत, आणि शीट त्यानंतर छापावी. शीट आधी छापून नंतर नावं बदलली तर सगळी निवड पाण्यात.

छापायला ए-४ कागद पुरतो. चार रकाने, पाच ओळी, वीस फोटो. कडा सोडून प्रत्येक फोटोची लांब बाजू साधारण ४४ मिलिमीटर येते, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फ्रेमपेक्षा मोठीच. भिंगाशिवाय चेहरा ओळखू येतो. आजी-आजोबा बघणार असतील तर बाराच ठेवावेत. उभे फोटो आडवे करून जागा भरायचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो बंद ठेवावा, नाहीतर माणसं दर दोन फोटोंना कागद फिरवत बसतात. क्रमांक ठळक छापावा. कागद मॅट घ्यावा, त्यावर बॉलपेन चालतो. ग्लॉसीवर शाई फिसकटते. आणि स्क्रीनचा उजेड आधी कमी करावा. चौरस मीटरला १२० कँडेलाच्या आसपास ठेवला तर कागद आणि पडदा जुळतात. पडदा झगझगीत ठेवून काम करणाऱ्याच्या शीट हमखास काळपट येतात, आणि मग डार्करूममधला तोच जुना पेच परत येतो: चांगला फोटो काळा दिसतो म्हणून बाद होतो.

फोनवर सगळं दिसत असताना कागद कशाला? माझं उत्तर एखाद्या घरात जाऊन बघा असं आहे. फोनवर एका वेळी एक जण बघतो, बोट सरकवत जातो, मागचं विसरतो. दिवाणावर पंधरा-वीस शीट पसरल्या की सगळं घर बसतं. आई टिक करते, आत्या म्हणते, “अहो वहिनी, सुलग्न लावतानाचा माझा एकही नाही घेतलात,” मुलगी म्हणते, “मामांचा हा एकच बरा आहे, राहू दे.” लग्नाच्या अल्बममध्ये कोण हवं हे घराला ठाऊक असतं, छायाचित्रकाराला नाही. कोपऱ्यात अर्धवट दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा तो शेवटचा फोटो असू शकतो. उजेड, रचना या बाजूने तो दुय्यम असेल, पण त्या घरात तोच पहिला. छायाचित्रकाराने आपल्या पसंतीच्या फ्रेमवर आधीच एखादा ठिपका छापून ठेवावा, आपलं मत सांगावं, आणि घराने त्याविरुद्ध निवडलं तर ते मानावं.

कायद्याची बाजूही गिऱ्हाइकाकडे झुकते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी आपल्यासाठी फोटो काढून घेतला असेल तर, उलट करार नसल्यास, त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. पुष्कळ छायाचित्रकारांना हे माहीत नसतं. आपल्या जाहिरातीसाठी, प्रदर्शनासाठी हे फोटो वापरायचे असतील तर काम घेतानाच तसं लिहून घ्यावं. कोणते फोटो बाहेर दाखवायला चालतील याची खूणही शीटवरच घेता येते, टिकच्या शेजारी वेगळ्या रंगाने.

शीट दोन प्रतींत छापाव्यात. एक घरी राहते, दुसरी खुणांसह परत येते, तिच्यावर तारीख आणि सही घ्यावी. फिल्मच्या काळात शीटच्या मागे रोलचा क्रमांक लिहून ती त्याच क्रमांकाच्या निगेटिव्हच्या पाकिटाबरोबर ठेवत. स्टुडिओवाले पासपोर्ट फोटोच्या पाकिटावर निगेटिव्हचा नंबर घालत तो याचसाठी, पाच वर्षांनी कुणी आणखी चार प्रती मागितल्या तर शोधायला. आता पाठीमागे हार्ड डिस्कचं आणि फोल्डरचं नाव लिहावं. पुढे बारशाला किंवा पहिल्या वाढदिवसाला तेच घर बोलावतं तेव्हा निघण्यापूर्वी जुनी फाइल उघडून खुणा वाचाव्यात. कुणाला डावी बाजू आवडते, चष्मा काढून काढलेला फोटो कुणी नाकारला, कोणती काकू दर वेळी राहून जाते, हे त्या कागदांवर त्यांनीच लिहून ठेवलेलं असतं.